आठमाशी

परळ, रविवार, ६ मार्च १९६०

तीर्थरूप आबा,

पायांवर डोकं ठेवते. तुम्ही पाय मागे घेतलेत तरी ठेवते, कारण आज मला ही बातमी कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. दौलतदादाला सांगितली, तर तो "बरं" म्हणाला आणि गिरणीत साच्यावर निघून गेला.

चार वर्षांत तुमचं उत्तर नाही. पण माझी पत्रं तुम्ही वाचता, हे मला ठाऊक आहे. आणि तुम्हाला मनात वाचता येत नाही, हेही ठाऊक आहे. रात्रशाळेत शिकलात तेव्हापासून तुमचं वाचन मोठ्यानेच. चाळीच्या गॅलरीत तुम्ही पेपर घेऊन बसलात की खालच्या मजल्यावरचे लोक आपले पैसे वाचवायचे. म्हणून म्हणते, तुम्ही रागाने का होईना पाकीट फोडलंत की तिकडे गावी चुलीजवळ आईला सगळं ऐकू जातं. मला तेवढं पुरे आहे.

तर बातमी अशी. एप्रिलमध्ये आमच्या हॉस्पिटलात अभ्यासवर्ग भरणार आहे! अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवायचं कसं, हे शिकवणारा. लालबाग, भायखळा, वरळी, दादर, सगळीकडच्या प्रसूतिगृहांतल्या नर्सेस येणार, सुइणी येणार, वॉर्डात वरकाम करणाऱ्या आयासुद्धा येणार. डॉक्टर मनमोहन कोठारे म्हणून गिरगावचे आहेत, विलायतेत फक्त लहान बाळांचं शिकून आले आहेत. त्यांनी सगळं आखलंय. आणि त्यांच्या मदतीला कोणाला नेमलंय ओळखा.

तुम्ही जिन्यावर उभे राहून म्हणाला होतात, "बी.ए. होऊन लोकांची घाण काढूक जातंस? शाळेत बाई झाली असतंस!" आबा, आता मी शिकवणार आहे. म्हणजे शेवटी बाईच झाले की नाही?

तुम्ही नेहमी आईला विचारायचात, हे खूळ हिच्या डोक्यात आलं कुठून. मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. तुम्ही फाउंटनच्या मोर्चाहून लंगडत आलात, पोटरी फुटलेली होती, आणि दवाखान्यात जायचं नाही म्हणून हट्ट धरून बसलात. घरात एकटी मी शिकलेली, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. शेक्सपिअर येत होता. पट्टी बांधली ती अर्ध्या वाटेत सुटली. त्या दिवशी ठरवलं.

एक अडचण आहे. वर्ग इंग्रजीत आहे. येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना इंग्रजी कळत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, महाराष्ट्र होतोय, आता तरी मराठीत घ्या. ते हसले आणि म्हणाले, "माझं मराठी म्हणजे घरचं. त्यात जेवता येतं, भांडता येतं. शिकवायचं कसं? तू शिकवशील?" मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. तुम्ही म्हणायचात ना, सातमाशी ती, पोटातूनच घाई घेऊन आलीय.

वर्ग २३ एप्रिलला, शनिवारी दुपारी आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. मागच्या बाकावर बसा, बोलू नका हवं तर. पण या.

तुमची सातमाशी,
शांता


परळ, रविवार, २० मार्च

तीर्थरूप आबा,

नमस्कार, आणि हसू नका.

आमच्या मेट्रन धुरंधरबाई आहेत, मृणालिनी धुरंधर. अख्खं हॉस्पिटल त्यांच्या बुटांच्या आवाजावर चालतं. मराठीची गोष्ट कानावर गेली तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, "हा काय मोर्चा आहे, घाडी? झालाच पाहिजे?"  मग शांतपणे म्हणाल्या, "इंग्रजीत शब्द अडला तर पुस्तक आहे. मराठीत तू शब्द चुकीचा दिलास, तर पुस्तक नाही. तिथे बाळ जाईल." आबा, त्या चिडून बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. पण त्या खरं बोलत होत्या.

शेवटी त्यांनी अट घातली, की दहा मिनिटं मराठीत बोलून दाखव, मग बघू.

मी कोश घेऊन बसले. बी.ए.चं सगळं ज्ञान ओतलं. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई, डॉक्टर आणि चारपाच नर्सेस यांच्यापुढे उभी राहिले आणि सुरुवात केली, "अकालप्रसूत नवजात अर्भकाचे उष्णतानियमन..."

माझी मैत्रीण सुमती पहिल्या रांगेत होती. ती मोठ्याने म्हणाली, "अगो बाई! हे पोर जन्माला आलं की ग्रंथ?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मेट्रनबाई हसल्या नाहीत. पण जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी परत."

आठवडाभर मी कोश उघडला नाही. बायका कशा बोलतात ते ऐकत फिरले, वॉर्डात, नळावर, भायखळ्याच्या भाजीबाजारात. आबा, आपल्याकडे सगळे शब्द आहेत! आपण त्यांना शिकवायच्या कामाचे समजलो नाही, एवढंच. ज्या पेटीत बाळाला ऊब देतात ती ऊबपेटी. आमच्याकडे विलायती पेटी एकच आहे, म्हणून मी सुताराकडून लाकडी खोक्याची एक करून घेतली. बाजूला गरम पाण्याच्या पिशव्या, मध्ये गादी, आत थर्मामीटर. छान झाली आहे. शिकवायला बाळ हवं, म्हणून चौपाटीची वाळू भरून साडेतीन पौंडांची बाहुली शिवली. सुमती तिला हातात घेऊन म्हणाली, "एवढंसंच?" मी म्हटलं, एवढंसंच. पहिलं हेच शिकायचं, की ते एवढंसं असतं.

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "अपुऱ्या दिवसांचं मूल म्हणजे पुरं शिजायच्या आधी चुलीवरून उतरलेला भात. त्याला वाफेवर ठेवायचं. सारखं झाकण काढून बघायचं नाही." मेट्रनबाईंनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "पण ऊब किती द्यायची तो आकडा सांग. भाताला आकडा नसतो, बाळाला असतो."

मिळाली, आबा! परवानगी मिळाली!

फक्त एक शब्द माझ्या घशात अडकलाय. बायका वजन विचारत नाहीत, श्वास विचारत नाहीत. आधी विचारतात, महिना कितवा? सातवा म्हटलं की पदर खोचतात. आठवा म्हटलं की हात सोडतात. सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. हे सुइणी म्हणतात, आया म्हणतात, आणि हळूच आमच्या नर्सेसही म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नॉन्सेन्स. एक महिना जास्त राहिलेलं बाळ जास्त तयार असतं." मग आठमाशी बाळं जातात का? ती जातात, कारण त्यांना कोणी धरतच नाही.

माझ्या मनात आलं, बरं झालं मी सातमाशी होते. एक महिना अजून थांबले असते तर?

तुमची सातमाशी,
शांता


परळ, मंगळवार, २९ मार्च

तीर्थरूप आबा,

घाबरू नका. हे आधी लिहिते आणि मग पुढचं लिहिते. दोन्ही सुखरूप आहेत.

काल पाडव्याला सकाळी दादा गुढी उभी करत होता आणि जाईवहिनीला कळा सुरू झाल्या. तिला आमच्याच हॉस्पिटलात आणली. तुम्हाला नातू झालाय. साडेतीन पौंडांहून थोडा कमी. माझ्या बाहुलीएवढा! मी त्याला पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण मला वाटलं, अरे, तुला तर मी ओळखते.

आठवा महिना होता.

दादा जिन्यात बसून राहिला. मी सांगितलं, श्वास चांगला आहे, रडतो, रंग चांगला आहे. तो म्हणाला, "शांते, कशाक उगाच जीव लावतंस? आठमाशां तां." मी म्हटलं, दादा, असं काही नसतं. "आबा असते तर त्यांनी पण हाच सांगितला असता," म्हणाला. 

आबा, तुम्ही असतात तर हेच सांगितलं असतं का?

बाळ विलायती पेटीत आहे. डॉक्टर स्वतः दिवसातून दोनदा येतात. माझी कामाची पाळी संपली तरी मी तिथेच असते. आज मेट्रनबाईंनी मला हाकलली, "तू दमलीस तर त्याच्या काय कामाची?" म्हणून खोलीवर येऊन हे लिहितेय. रस्त्यात गिरण्यांच्या फाटकांवर १ मेची तोरणं आत्तापासून चढायला लागली आहेत. लोक वेड्यासारखे आनंदात आहेत. आणि मी त्यांच्यातून चालत होते, तेव्हा मला एकच हवं होतं. त्याने आज रात्री दूध पचवावं.

या, आबा. वर्गासाठी नको, त्याच्यासाठी या.

शांता


परळ, शनिवार, ९ एप्रिल

तीर्थरूप आबा,

पचवलं! नाकातून बारीक नळीने थेंब थेंब देत होतो, ते पचलं. कालपासून ड्रॉपरने चोखतो. वजन आधी उतरलं (ते उतरतंच, मला माहीत असून मी घाबरले) आणि आता चढतंय.

पण मधली गोष्ट सांगते, कारण ती वर्गात सांगायची आहे आणि तुमच्यापुढे एकदा म्हणून बघते.

वहिनी दूधच काढीना. भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाला आईचंच दूध हवं, आणि ती म्हणे, "जाणाऱ्याक कशाक भरवायचा?" दूध आटायला लागलं. दादा तोंड लपवून बसायचा. चाळीतल्या बायका बघायला आल्या त्या वहिनीलाच समजावून गेल्या, तू अजून तरुण आहेस, पुढचं होईल.

सुमतीने मला बाजूला घेतलं. "कशाला डोकं आपटतेस? सांग ना तिला, डॉक्टरांनी तपासलं, सातवाच होता, तुझं मोजायला चुकलं. झालं! उठून बसेल ती."

आबा, मोह झाला मला. खोटं नाही सांगत. वहिनीने मानलंही असतं. पण मी म्हटलं, नाही. मी वर्गात उभी राहून शंभर बायकांना सांगणार की आठवा महिना म्हणजे मरण नव्हे, आणि माझ्या घरच्या बाळाला मात्र सातव्याचं नाव देऊन जगवणार? मग पुढच्या आठमाशीचं काय? ज्यांनी कोणी असं खोटं सांगून बाळं वाचवली असतील, त्यांनी तो समज आणखी पक्का केला. खोट्या महिन्यावर मी बाळ जगवणार नाही.

त्याऐवजी मेट्रनबाईंकडे गेले. बाळाच्या खोलीत आईला जाऊ देत नाहीत, नियम आहे, आणि चांगल्या कारणासाठी आहे. मी म्हटलं, एकदा. हात कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला फडकं बांधून, फक्त एकदा. त्या म्हणाल्या, "तुझी वहिनी म्हणून?" मी म्हटलं, नाही मॅडम, त्याची आई म्हणून. तिने त्याला अजून बघितलेलंच नाही.

वहिनी पेटीपाशी उभी राहिली. हात आत घालायला तयार नव्हती. मी तिचं बोट धरून त्याच्या तळहाताला लावलं. त्याने ते धरलं. घट्ट, आबा! माचिसच्या काडीएवढी बोटं. वहिनी सोडवायला गेली तर सुटेना. फडक्याच्या आड तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसते डोळे दिसत होते. बाहेर आली आणि मला म्हणाली, "वाटी खंय आसा?"

दुसऱ्या दिवशीपासून तिला एवढं दूध येतंय की शेजारच्या बाळालाही देतो.

दोन आठवड्यांनी वर्ग. मी रोज आरशासमोर बोलते. शंभरावर नावं आली आहेत. वरळीहून तर आया मिळून येणार आहेत, बस ठरवून, जणू जत्रेला.

तुम्ही याल ना?

तुमची सातमाशी,
शांता


परळ, बुधवार, ११ मे १९६०

तीर्थरूप आबा,

नमस्कार. बोट वेळेवर पोचली असेल. हे पत्र तुम्हाला नाही, आईला आहे. तुम्ही नुसतं वाचून दाखवायचं. तुम्ही तिला काहीएक नीट सांगितलं नसणार, म्हणून मी लिहितेय. मध्ये गाळायचं नाही. गाळलंत की तुम्ही खाकरता, आणि आई ओळखते.

आई, ऐक.

त्या शनिवारी हॉल भरून गेला होता. बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसलेल्या. १ मेसाठी आणलेला गुलाल मी थोडा मागून घेतला होता. सगळ्यांच्या हातांना तेलात कालवून चोळला आणि म्हटलं, डोळे मिटून हात धुवा. डोळे उघडले तर प्रत्येकीच्या नखांत लाल! केवढा गलका झाला. वरळीची एक आया दुसरीला म्हणत होती, "बघ, आणि म्हणे मी स्वच्छ!" डॉक्टरांच्याही नखांत निघाला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. मला ते फार आवडलं.

तेवढ्यात दाराशी मेट्रनबाईंचा आवाज आला, "पुरुषांना आत येता येणार नाही." आणि मग मला एक आवाज ऐकू आला, जो मी चार वर्षं ऐकला नव्हता.

"मी पुरुष नाय, बाय. मी आजो."

आई, आबा धक्क्यावरून थेट आले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात तुझी कोकमाची पिशवी.  मेट्रनबाईंनी त्यांना वजनकाट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ट्रंकेकडे बघत बसले.

 मी बाहुली घट्ट धरली आणि ठरवलेलं होतं ते विचारलं, "आठमाशी मूल जगत नाही असं कोणाकोणाला वाटतं? खरं सांगा. हात वर करा."

आधी कोणीच नाही. मग एक, मग दहा. मग बघता बघता जवळजवळ सगळा हॉल. लाल नखांचे हात. आमच्या शिकलेल्या नर्सेसचे, सुमतीचाही. मेट्रनबाईंचा कोपरापर्यंत वर येऊन तिथेच थांबला होता. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

आणि आबा उठून उभे राहिले. पेपर वाचतात त्या आवाजात म्हणाले:

"ह्यां जां तुमका शिकयतां, तां चेडूच आठमाशां. माका सुद्धा आठ दिसांमागे कळलां."

 मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, "जन्मतः वजन किती होतं?" आबा म्हणाले, "वजन कोण करता? भाताच्या पायलीत मावत होतां."

सुमती हात वरच ठेवून म्हणाली, "मग सिस्टर, आता खाली घेऊ का?"

आई, जो हशा पिकला! त्या हशात सगळे हात खाली आले. मी शिकवून जे झालं नसतं ते झालं. त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण सुमती म्हणते मी चांगलं बोलले, आणि ऊबपेटीचा आकडा विसरले नाही. प्रसूतिगृहांनी तशी पेटी करून घ्यायला माझ्या सुताराचा पत्ता नेलाय. मेट्रनबाई म्हणाल्या, पावसाळ्यानंतर दुसरा वर्ग घेऊ. "मराठीतच," असं त्याच म्हणाल्या. मी नाही.

संध्याकाळी जिन्यात आबांनी मला सांगितलं. ते माझं ९ एप्रिलचं पत्र वाचत होते. खोट्या महिन्यावर बाळ जगवणार नाही, ज्यांनी सांगितलं त्यांनी समज पक्का केला, ते सगळं मोठ्याने. आणि तू नारळ खवता खवता थांबलीस आणि म्हणालीस, "मी सांगितलंय."

सुईण हात धुऊन निघाली असती, म्हणून तू तिला सातवा सांगितलास. तुझ्या सासूबाईंना सातवा. आबांनासुद्धा. आणि एवढी वर्षं सगळ्यांनी मला सातमाशी म्हटलं, तू ऐकत राहिलीस आणि कधी हूं की चूं केलं नाहीस. आबा म्हणाले, त्यावर तू एवढंच बोललीस, की "ती खरां बोलता. पण तेव्हा ती बोलूक नव्हती."

आई, मी फार तोऱ्यात लिहिलं होतं. त्या दिवशी त्या खोलीत माझ्या बाजूने बोलणारी तू एकटी होतीस, आणि तुझ्याकडे तेवढा एकच शब्द होता. मी आज मोठ्याने खरं बोलू शकते, ती तुझ्या त्या शब्दामुळे.

आबांनी दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात धुतले. मेट्रनबाईंनी नखं तपासली, मग आत सोडलं. पेटीपाशी ते किती वेळ उभे होते. बाहेर येताना माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं, आणि म्हणाले, "ही नीट बसूक नाय. पिन लाव." (आबा, खाकरू नका, वाचा.) आई, चार वर्षांत माझ्या नर्स होण्याबद्दल ते जे पहिलं बोलले ते हे. मी पिन लावली.

१ मेला आम्ही सगळे लालबागला रोषणाई बघायला गेलो. आबा गर्दीत घोषणा देत होते, आवाज बसेपर्यंत. मध्येच थांबून अनोळखी माणसांना धरून सांगत, "नातू चार पौंड झालो!" लोकांना वाटलं, महाराष्ट्राबद्दलच काही सांगतोय म्हातारा. त्यांनीही "झालाच पाहिजे" म्हणून उत्तर दिलं.

नाव तू ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलंय. दादा म्हणतो, आई कळवील तेच. लवकर कळव. वॉर्डातल्या पाटीवर अजून नुसतं 'घाडी यांचा मुलगा' लिहिलंय.

चाळीतल्या बायका रोज येतात. वहिनीला विचारतात, "कितवा होता गो?" काल मी दाराशी होते. मी काही बोलायच्या आधी तिने मान वर केली आणि सांगितलं.

आई, आता आम्ही आठवाच सांगतो.

तुझी आठमाशी,
शांता